उथळ सरोवराच्या बर्फावरून वॉलआय: अपर रेड लेकला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, बेमिजी शहराच्या ईशान्येला, अपर रेड लेक नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. काठावर उभे राहिले की पैलतीर दिसत नाही, त्यामुळे पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते समुद्रासारखे अथांग वाटते. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी त्याची खोली १५ फुटांच्या आत भरते. आपल्या गावाकडच्या बऱ्याच विहिरी त्याहून खोल असतात. हिवाळ्यात या पाण्यावर बर्फाचा थर धरला की त्याला भोक पाडून, त्यातून गळ सोडून वॉलआय नावाचा मासा पकडण्यासाठी माणसांची रीघ लागते. मिनिआपोलिस परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला ऑफिसातील सहकाऱ्यांकडून या सहलीचे आमंत्रण कधी ना कधी येते. तो हो म्हणतो आणि नंतर नेमके काय न्यायचे, काय करायचे, हे विचारायला संकोचतो. हा लेख अशा नवख्यांसाठी आहे.

पुढे जे सांगितले आहे, त्यातील जवळजवळ प्रत्येक गोष्टीचे मूळ या उथळपणात आहे. उथळ पाणी लवकर गोठते, म्हणून माणसे घाई करतात. तळ जवळ असल्यामुळे वरचा आवाज माशाला ऐकू जातो. तळ ताटासारखा सपाट असल्यामुळे मासा एका जागी थांबत नाही. खोल सरोवरावर शिकलेल्या सवयी घेऊन येथे येणारे अनुभवी लोकही पहिल्या दिवशी रिकाम्या हाताने परततात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

मासा आणि त्याचे पाणी

वॉलआय हा १९६५ पासून मिनेसोटाचा राज्यमासा आहे. अंगावर सोनेरी-हिरवट झाक, पाठीवर काटेरी पर, तोंडात अणकुचीदार दात आणि दुधी काचेसारखा दिसणारा मोठा डोळा, अशी त्याची ओळख सांगता येईल. मांजराच्या डोळ्याप्रमाणे त्याच्या डोळ्यातही मागच्या बाजूला प्रकाश परावर्तित करणारा पडदा असतो, त्यामुळे मंद उजेडात त्याला इतर माशांपेक्षा चांगले दिसते आणि तो शिकारीला निघतो तो प्रामुख्याने दिवस उजाडताना आणि मावळताना. अपर रेड लेकचे पाणी मात्र भोवतालच्या दलदलीतून झिरपून आलेले, कोऱ्या चहाच्या रंगाचे आहे. या गढूळ तांबूस पाण्यात भर दुपारीही तळाशी अंधूकच असते, म्हणून येथे दिवसभर अधूनमधून मासा लागत राहतो. नवख्यांनी हेच सरोवर निवडावे, असे मी सुचवतो ते या कारणासाठी.

या सरोवराचा अलीकडचा इतिहास माहीत असला, तर तेथील नियम जाचक वाटत नाहीत. अतोनात मासेमारीमुळे १९९० च्या दशकात येथील वॉलआय जवळजवळ संपुष्टात आला होता. त्या काळात त्याची जागा क्रॅपी या दुसऱ्या माशाने घेतली आणि लोक क्रॅपीसाठी येथे गर्दी करू लागले. १९९९ मध्ये रेड लेक येथील ओजिब्वे आदिवासी समाज, राज्य सरकार आणि केंद्र सरकार यांनी एकत्र येऊन वॉलआयची मासेमारी बंद केली, कोट्यवधी पिल्ले पाण्यात सोडली आणि मासा पुरेसा वाढल्यावर २००६ मध्ये ती पुन्हा सुरू केली. आज जो मासा गळाला लागतो, तो त्या सात वर्षांच्या संयमाचा आहे.

परवाना आणि हद्द

१६ वर्षे आणि त्यापुढील वयाच्या व्यक्तीला मासेमारीचा परवाना लागतो. राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या संकेतस्थळावर तो काही मिनिटांत मिळतो. परराज्यातून आलेल्या पाहुण्यांसाठी २४ तासांचा किंवा ७२ तासांचा परवानाही असतो, तेव्हा भारतातून आलेल्या भावाला किंवा मेहुण्याला सोबत नेणार असाल तर त्याच्यासाठीही तो आधी काढून ठेवावा. परवान्याचे वर्ष १ मार्चला सुरू होते. राज्याच्या अंतर्गत सरोवरांवरील वॉलआयचा हंगाम फेब्रुवारीच्या अखेरीस संपतो. एका व्यक्तीला किती मासे ठेवता येतील आणि किती लांबीचे ठेवता येतील, याचे अपर रेड लेकसाठी स्वतंत्र नियम आहेत आणि ते हंगामागणिक बदलतात. गेल्या वर्षी मित्राने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नये, निघण्याच्या आदल्या रात्री नियम स्वतः वाचावेत.

हद्दीचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. लोअर रेड लेक पूर्णपणे आणि अपर रेड लेकचा पश्चिमेकडील मोठा भाग रेड लेक आदिवासी समाजाच्या मालकीचा आहे, आणि तेथे बाहेरच्या माणसाला मासे पकडण्याची मुभा नाही. सर्वसामान्यांसाठी खुला आहे तो पूर्वेकडील सुमारे ४८,००० एकरांचा भाग. पांढऱ्या सपाट बर्फावर हद्दीची रेषा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून फोनमधील नकाशात ती रेषा आधीच उतरवून घ्यावी आणि तिच्यापासून चांगले अंतर राखावे.

बर्फ: येथे घाई करू नये

पाणी ४ अंश सेल्सियसला सर्वांत जड असते. थंडी पडू लागली की वरचे पाणी निवून खाली जाते, खालचे कोमट पाणी वर येते, आणि सगळे सरोवर ४ अंशांपर्यंत निवेपर्यंत पृष्ठभाग गोठू लागत नाही. खोल सरोवरात उष्णतेचा साठा मोठा असल्याने या क्रियेला अनेक आठवडे लागतात. उथळ सरोवर मात्र थोड्याच थंड रात्रींत गोठते. त्यामुळे अपर रेड लेकवर नोव्हेंबरच्या अखेरीस, राज्यातील इतर मोठ्या सरोवरांच्या आधी, बर्फ धरतो आणि हंगामाच्या पहिल्या माशासाठी अधीर झालेले सगळे येथे धाव घेतात. पातळ बर्फ, विस्तीर्ण उघडे मैदान आणि जोराचा वारा या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की थर तुटून काठापासून दूर सरकतो. २८ नोव्हेंबर २०२२ रोजी असेच सुमारे २०० जण तुटलेल्या बर्फावर अडकले होते, आणि २९ डिसेंबर २०२३ रोजी पुन्हा शंभराहून अधिक लोकांना सोडवून आणावे लागले. त्या दोन्ही वेळी अडकलेल्यांत वर्षानुवर्षे येथे येणारी माणसेही होती.

राज्याच्या विभागाने दिलेली जाडीची मोजमापे पाठ असावीत. नव्या, स्वच्छ, काळसर पारदर्शक बर्फावर पायी चालण्यासाठी किमान ४ इंच, स्नोमोबाइलसाठी ५ ते ७ इंच, लहान मोटारीसाठी ९ ते १० इंच आणि पिकअप ट्रकसाठी १३ इंच जाडी लागते. दुधाळ पांढरा बर्फ हा पाणी आणि हिम यांच्या मिश्रणातून झालेला असतो व त्याची ताकद निम्मी धरावी, म्हणजे हे सर्व आकडे दुप्पट करावेत. इतके करूनही बर्फ पूर्णपणे सुरक्षित असतो असे कोणी म्हणत नाही. नवख्याने पहिल्या वर्षी डिसेंबर मध्यावर येईपर्यंत थांबावे आणि शक्यतो स्वतःची गाडी बर्फावर नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जाडी तपासण्याचे मुख्य साधन म्हणजे पहार. येथे तिला स्पड म्हणतात, पण वस्तू तीच: पाच फुटांची लोखंडी पहार, टोकाला धार. चालताना दर दोन-तीन पावलांवर ती पुढे जोराने हाणावी. चांगला बर्फ भरीव आवाज देतो, पहार उसळून परत हातात येते आणि टोकाखाली पांढरा ओरखडा उमटतो. बर्फ पातळ असेल तर आवाज बदबद येतो. एका-दोन घावांतच टोक आरपार जाते आणि भोकातून पाणी बुडबुडत वर येऊन आजूबाजूचे हिम करडे करते. पहार हाणताना हाताला जो फरक जाणवतो, तो शब्दांत सांगून पुरेसा कळत नाही. काठाजवळ, कंबरभर पाण्यावर, जाणत्या माणसासोबत दहा-वीस घाव घालून तो स्वतः अनुभवावा. शिवाय साधारण दर १५० फुटांवर गिरमिटाने भोक पाडून जाडी मोजावी. मोजपट्टीचे वाकडे टोक थराच्या खालच्या कडेला अडकवले की आकडा बरोबर मिळतो. नदी जेथे सरोवराला मिळते ती जागा, वाॅस्किश गावाजवळचे टॅमरॅक नदीचे मुख धरून, आणि जुन्या भेगांच्या कडा या नेहमी संशयास्पद मानाव्यात.

काठावरील रिसॉर्टवाले बर्फावरील रस्ते नांगरून ठेवतात, रोज भेगा तपासतात आणि मोठ्या भेगेवर लोखंडी पूल टाकतात. त्यासाठी ते शुल्क घेतात. ते शुल्क देण्यात कंजुषी करू नये. गाडीने गेलात तर खिडक्या उघड्या, सीटबेल्ट सोडलेला आणि वेग अगदी मंद ठेवावा. येथे पुन्हा उथळपणा आडवा येतो: गाडीच्या भाराने बर्फाखाली पाण्याची एक लाट तयार होते आणि तिचा वेग पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. १० फूट पाण्यात तो ताशी सुमारे २० किलोमीटर भरतो. गाडी नेमकी त्या वेगाने धावू लागली की लाट तिच्याखालीच साठत जाते आणि चांगला जाड थरही तडकू शकतो. रस्त्यावर सायकलस्वार सहज गाठतो असा हा वेग आहे, म्हणून बर्फावर त्याहून बऱ्याच कमी वेगाने जावे.

माणूस पाण्यात पडला तर काय करायचे, हे निघण्यापूर्वी घरी बसूनच मनात पक्के करावे. पहिल्या मिनिटात गार पाण्याच्या धक्क्याने श्वास लागतो. तेव्हा फक्त डोके वर ठेवून श्वास आवरायचा. त्यानंतर साधारण १० मिनिटे हातपाय कामाचे राहतात. ज्या दिशेने आलो त्या दिशेला तोंड करावे, कारण तेथील बर्फाने आपले वजन पेललेले असते. गळ्यात अडकवलेल्या दोन टोकदार मुठी बर्फात रोवाव्यात, पाय पोहल्यासारखे मागे झाडावेत, पोटावर सरकत वर यावे आणि उभे न राहता लोळत दूर जावे. या मुठींची जोडी अगदी स्वस्तात मिळते. ती बॅगेत ठेवू नये. कोटावरून गळ्यात घालावी. सोबतच्या माणसाने जवळ धावू नये, ५० फुटांची दोरी फेकावी. कोटाखाली किंवा कोटावर तरंगणारे जाकीट असलेच पाहिजे. अलीकडे कोट व विजार मिळून तरंगणारा पूर्ण पोशाखही मिळतो आणि पैसे खर्च करायचेच असतील, तर माझ्या मते सर्वांत आधी त्यावर करावेत.

कपडे आणि सामान

जानेवारीत पहाटेचे तापमान उणे ३० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकते. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर ऊबदार मधला थर आणि सर्वांत वर वारा अडवणारा थर, असे तीन थर घालावेत. सुती कपडा घामाने भिजला की अंगावर गारठतो, म्हणून आतला बनियनसुद्धा सुती नसावा. बूट एक माप मोठे घ्यावेत. दोन मोजे कोंबून घट्ट झालेल्या बुटात रक्त फिरत नाही आणि बोटे गार पडतात. बुटाखाली काटे लावावेत, कारण वाऱ्याने हिम उडून गेलेला बर्फ काचेसारखा निसरडा असतो. हातमोज्यांच्या किमान दोन जोड्या न्याव्यात. एक भिजणारच आहे.

पहिल्या खेपेला मासेमारीचे सामान विकत घेऊ नये. रिसॉर्टकडून गरम केलेली लाकडी खोली, ज्याला येथे फिश हाऊस म्हणतात, एका दिवसासाठी भाड्याने मिळते. भोके पाडलेली असतात, शेगडी असते, बाके असतात. लहान मुले किंवा आईवडील सोबत असतील तर दुसरा पर्याय पाहूच नये. स्वतःचे साहित्य जमवायचे झाले, तर पुढील वस्तू पुरतात: ८ इंच व्यासाचे गिरमिट, हाताचे किंवा बॅटरीचे, भोकातील बर्फाचा चुरा काढायला झारा, अगदी आपल्या भजी तळण्याच्या झाऱ्यासारखा, २८ इंचांच्या आसपासची आखूड लवचिक काठी आणि लहान रीळ, ४ ते ६ पौंडांचा ताण पेलणारी दोरी, घडी होणारा तंबू, आणि हे सगळे ओढायला स्लेज.

तंबूत प्रोपेनची शेगडी लावली तर वरची आणि खालची झडप थोडी उघडी ठेवावी आणि कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आत टांगावे. या वायूला वास नसतो. डोके जड वाटू लागले, मळमळले, तर गारठ्याची पर्वा न करता ताबडतोब बाहेर यावे.

जागा आणि भोके

हंगामाच्या सुरुवातीला वॉलआय काठाजवळच्या पहिल्या उतारावर, ६ ते ८ फूट पाण्यात असतो. बर्फ जाड होऊन वरची वर्दळ वाढली, की तो हळूहळू सरोवराच्या मधल्या सपाट, चिखलाच्या तळाकडे, १० ते १३ फूट पाण्यात सरकतो. तेथे खडक नाहीत, झाडोरा नाही, उंचवटे नाहीत. मासा थांबावा असे तेथे काही नसल्यामुळे तो लहान झुंडी करून भटकत राहतो. माशाच्या मागे धावायचे की तो येईल म्हणून वाट पाहायची, हा येथील जुना वाद आहे. माझा अनुभव असा, की दुपारी फिरावे आणि संध्याकाळी बसावे.

आवाजाबद्दल मात्र वाद नाही. ८ फूट पाण्यावर बर्फात गिरमिट फिरवणे म्हणजे खालच्या माशाच्या डोक्यावर जाते फिरवण्यासारखे आहे. माझ्या दुसऱ्याच खेपेला मी चार वाजेपर्यंत एका भोकावर बसलो, काही लागेना म्हणून साडेचारच्या सुमारास, नेमका सूर्य टेकताना, अधीर होऊन भोवती आणखी सहा भोके पाडली. ४० फुटांवर बसलेल्या वयस्क गृहस्थांना त्याआधी अर्ध्या तासात तीन मासे लागले होते. त्यांना त्यानंतर एकही लागला नाही. ते काही बोलले नाहीत, फक्त काठी गुंडाळून गाडीत जाऊन बसले. तेव्हापासून मी दुपारी दोनच्या आत दहा-बारा भोके पाडून ठेवतो, त्यांतील चुरा झाऱ्याने काढतो, आणि सूर्य कलल्यावर गिरमिटाला हात लावत नाही. दारे आपटू नयेत, बादली बर्फावर आदळू नये, भोकांदरम्यान गाडी फिरवू नये. भोवतीचे हिम खरवडून काढू नये. ते तसेच राहिले की पाय वाजत नाहीत आणि वरचा उजेडही खाली कमी उतरतो.

मिनेसोटात भोकाचा व्यास १२ इंचांपेक्षा जास्त असू नये, असा नियम आहे. ८ इंच पुरतात.

गळ सोडणे

हिवाळ्यात एका व्यक्तीला दोन दोऱ्या वापरता येतात. एक हातात धरून नाचवायची आणि दुसरी बाजूच्या भोकात शांत सोडून द्यायची, ही येथील रूढ पद्धत आहे.

नाचवायच्या दोरीला लहान चमच्याच्या आकाराचे धातूचे आमिष बांधावे. चहाच्या रंगाच्या पाण्यात सोनेरी, केशरी किंवा अंधारात चकाकणारे रंग दिसतात; चांदीचा पांढरा रंग येथे फिका पडतो. आत छर्रे असलेले, खुळखुळणारे आमिषही कामास येते, कारण ज्या माशाला ते दिसत नाही त्याला ते ऐकू येते. त्याच्या गळावर मिनो या लहान माशाचे फक्त डोके टोचावे. दुसऱ्या दोरीला साधा गळ, एक छोटे शिसे आणि वर बोया लावावा आणि जिवंत मिनो पाठीच्या पराखालून, कण्याला न दुखावता टोचावा, म्हणजे तो बराच वेळ वळवळत राहतो. जिवंत आमिष नेता-आणताना सरोवराचे पाणी घरी आणता येत नाही. परतताना डबा तेथेच रिकामा करावा आणि मिनो जगवायचे असतील तर घरून आणलेले नळाचे पाणी त्यात भरावे.

आधी खोली मोजावी. गळाला जड शिसे अडकवून ते तळाला टेकवावे, दोरी ताणावी आणि मग आमिष तळापासून ६ इंच ते १ फूट वर राहील असे ठेवावे. नाचवायचे म्हणजे काठीचे टोक फूटभर उचलायचे, आमिषाला आपल्या वजनाने खाली पडू द्यायचे आणि मग थांबायचे. नवखे लोक थांबत नाहीत. वॉलआय उसळणाऱ्या आमिषाकडे आकर्षित होतो, पण तोंड घालतो तो बहुधा ते स्थिर झाल्यावर, म्हणून प्रत्येक उसळीनंतर मनात दहा आकडे मोजावेत आणि मधूनमधून काठीचे टोक थंडीने हात थरथरावा तितपतच हलवावे.

तळाचा अंदाज देणारे सोनार यंत्र, ज्याला फ्लॅशर म्हणतात, खोल पाण्यात फार उपयोगी पडते. येथे त्याची मर्यादा ओळखून वापरावे. २० अंशांचा झोत असलेल्या यंत्राला १० फूट पाण्यात तळाचे जेमतेम साडेतीन फूट व्यासाचे वर्तुळ दिसते. पडदा रिकामा आहे म्हणजे मासा नाही असे समजून उठू नये. तो चार फुटांवर उभा राहून आमिषाकडे पाहत असेल. पडद्यावर आमिषाच्या रेषेखाली दुसरी रेषा उगवली की आमिष सावकाश काही इंच वर न्यावे. ती रेषा मागे मागे वर आली, तर मासा भुकेला आहे.

आता बोयाकडे. संध्याकाळी साडेचार-पाचच्या दरम्यान तंबूत अंधार होतो आणि भोकातील पाणी खालून हिरवट-तांबूस उजळलेले दिसते. त्या उजेडात बोया स्तब्ध असतो. एकाएकी तो थरथरू लागतो. मिनो घाबरला आहे, एवढाच त्याचा अर्थ. मग तो तिरका होतो, थांबतो, आणि कोणी बोटाने दाबावा तसा शांतपणे बुडू लागतो. या क्षणी काठी उपसू नये. बोया भोकाच्या कडेखाली दिसेनासा होईपर्यंत थांबावे, हलक्या हाताने ढील काढून दोरी ताणावी, दुसऱ्या टोकाला जिवंत वजन जाणवले की मनगटाने एकच झटका द्यावा.

मासा वर घेताना

रीळ सावकाश, न थांबता फिरवावे. मासा भोकाजवळ आला की तो उजेड पाहून एकदा तरी उलटा पळतो, त्या वेळी दोरी जाऊ द्यावी. बर्फाच्या धारदार कडेला दोरी घासून तुटण्याचे प्रसंग येथेच घडतात, म्हणून काठीचे टोक भोकाच्या मधोमध, प्रसंगी पाण्यात बुडवून धरावे. डोके भोकात आले की एका ओढीत वर घ्यावा. दात आणि कल्ल्यांच्या कडा बोट कापतात आणि पाठीचे काटे टोचतात. गळ काढायला पक्कड वापरावी.

मासा सोडून द्यायचा असेल, तर तो हिमावर ठेवून फोटो काढत बसू नये. कडाक्याच्या थंडीत त्याचे डोळे आणि कल्ले काही क्षणांत गोठू लागतात. तंबूत, भोकाच्या वरच गळ काढावा आणि डोके खाली करून सोडावा. येथे उथळपणा आपल्या बाजूने असतो: ३० फुटांपेक्षा खोल पाण्यातून वर आणलेल्या माशाची हवेची पिशवी फुगून तो पुन्हा खाली जाऊ शकत नाही, पण १० फुटांवरून आलेला मासा शेपटी मारून निघून जातो. लांबीच्या नियमात न बसणारा मासा निर्धास्तपणे सोडता येतो, तो यामुळे.

ठेवायचा मासा बर्फावर कापू नये. या सरोवराला लांबीचे विशेष नियम असल्यामुळे मासा डोक्या-शेपटीसह अखंड, मोजता येईल अशा स्थितीत घरी न्यावा लागतो. वॉलआयचे मांस पांढरे, घट्ट आणि उग्र वास नसलेले असते; आले-लसूण, हळद, तिखट आणि कोकमाच्या आगळात मुरवून, रवा लावून तव्यावर परतले तर सुरमईची आठवण येते. कालवणात मात्र तो फारसा उतरत नाही.

आवरून निघताना

अंधारात निघायचे असल्याने सामान मोजून घ्यावे. भोके पुढच्या माणसाच्या पायाखाली येऊ नयेत म्हणून त्यांच्याजवळ बर्फाचा चुरा ढीग करून किंवा फांदी रोवून खूण करावी. कागद, दोरीचे तुकडे, सिगारेटची थोटके, काहीही बर्फावर ठेवू नये. कचरा बंद डब्यात ठेवण्याचा आता कायदाच आहे, आणि वसंतात जे बर्फावर असते ते पाण्यात जाते. घरी पोहोचल्यावर कितीही थकवा आला तरी गिरमिटाची पाती पुसून तेलाचे बोट फिरवावे, नाहीतर आठवड्याभरात ती गंजतात आणि पुढच्या खेपेला बोथट गिरमिट दुप्पट वेळ घरघरत राहते. तंबू ओला घडी करून तसाच ठेवू नये. तो गॅरेजमध्ये दोरीवर पसरावा आणि खाली एक बादली ठेवावी. रात्रभर त्यातून रेड लेकचे पाणी ठिबकत राहते.